कोबीचे पाणी आणि फळांची कोशिंबीर

तीन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी भाच्याचे केळवण होते आणि पंचवीस माणसे जेवायला येणार होती. बाकीचा सगळा स्वयंपाक सासूबाईंच्या हाती होता. कोशिंबीर मात्र मी मागून घेतली होती, कारण नेहमीच्या काकडी-टोमॅटोऐवजी कोबी आणि फळे घालून उन्हाळ्याला साजेसे काही गार आणि ताजे करावे, असे बरेच दिवस माझ्या मनात होते. सकाळी नऊ वाजताच मी कोबीचे दोन गड्डे किसले, एक ताजा अननस चिरला, सफरचंदाच्या फोडी, द्राक्षे आणि डाळिंबाचे दाणे त्यात मिसळले, मीठ-साखर घातली, वरून घट्ट दही घालून सगळे कालवले आणि पातेले झाकून ठेवले. दुपारी एक वाजता पहिली पंगत बसण्याआधी झाकण काढले, तर तळाशी चार बोटे पाणी साचलेले होते, सफरचंद तपकिरी पडले होते आणि चव घेतली तेव्हा दही चक्क कडू लागले. सासूबाईंनी एक चमचा चाखला, माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, “राहू दे, कांदा चिरून घे. दहा मिनिटांत दुसरी होते.” पानात कांद्याची कोशिंबीर वाढली गेली आणि कोणाला काही कळले नाही, पण मला ते फार लागले.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या अक्का आल्या. त्यांचे माहेर विजापूरचे, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि स्वयंपाकातला हात असा की आमच्या इमारतीत कोणाचेही काही बिघडले की निरोप त्यांनाच जातो. त्यांनी झाकण उघडून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, “मीठ कधी घातलीस गं?”

मी म्हटले, “सकाळी नऊला.”

“मग पाणी सुटणारच की. कोबी म्हणजे पाणीच असते. आधी त्याचे पाणी काढायचे, नाही तर त्याला पाणी पाजायचे. दोन्हीतले एक काही तरी करायचे.”

त्या वेळी हे वाक्य मला कोड्यासारखे वाटले होते. आज तीन उन्हाळे ही कोशिंबीर करत आल्यानंतर मला खात्रीने सांगता येते, की या पदार्थात मसाला, फळे, फोडणी हे सगळे नंतरचे आहे आणि कोबीतले पाणी ही पहिली गोष्ट आहे. कोबीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ९२ ग्रॅम पाणी असते. ते पाणी पेशींमध्ये दाबून भरलेले असते, म्हणून तर ताजे पान मोडताना कट्‌कन आवाज येतो. चिरलेल्या कोबीवर मीठ पडले, की पेशीबाहेर खारट द्राव तयार होतो आणि पेशीतले पाणी पातळ पडद्यातून त्याच्याकडे ओढले जाते. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात आणि मनुका पाण्यात फुगतात त्याचेही कारण तेच. माझ्या पातेल्यात चार तास हेच चालले होते. साखरही हेच काम करते, फळांतले पाणीही अशाच रीतीने बाहेर येते, आणि मी तर मीठ व साखर दोन्ही एकदमच घालून ठेवले होते.

अक्कांच्या वाक्यातले दोन मार्ग असे आहेत. कोशिंबीर वाढायला वेळ असेल, पाहुणे कधी येतील याचा नेम नसेल, डब्यात द्यायची असेल, तर कोबीला आधी मीठ लावून पाणी काढून टाकावे. मग तो नंतर पाणी सोडत नाही. आणि पाने वाढून तयार असताना लगेच वाढायची असेल, तर चिरलेला कोबी दहा मिनिटे बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवावा. पेशी पाणी पिऊन टरारतात आणि प्रत्येक घासाला कुरकुरीत आवाज येतो. पहिल्या रीतीचा कोबी मऊसर आणि मुरलेला लागतो, दुसऱ्या रीतीचा कोवळ्या काकडीसारखा. दोन्ही चवी चांगल्या आहेत, पण त्यांची अदलाबदल चालत नाही. बर्फाच्या पाण्यातला कोबी मीठ घालून तासभर ठेवला तर माझ्या केळवणाच्या दिवसासारखीच गत होते. म्हणून आता मी गड्डा हातात घेण्याआधी घड्याळाकडे पाहते.

गड्डा निवडण्याबद्दल थोडे लिहिते. कोबी हे थंडीचे पीक; आमच्याकडे जानेवारीत, सिद्धेश्वरांची यात्रा भरते त्या दिवसांत, तो सर्वांत गोड असतो. सोलापूरकर त्या यात्रेला गड्डा म्हणतात, त्यामुळे त्या महिन्यात आमच्या घरी “गड्ड्याला जाऊ या” आणि “गड्डा आण” ही दोन्ही वाक्ये रोज ऐकू येतात. लक्ष्मी मंडईत मी ज्या बाईंकडून भाजी घेते, त्यांनी मला शिकवले की आकार न पाहता वजन पाहावे: दोन सारख्या गड्ड्यांतला जो हाताला जड लागतो तो घ्यावा. दोन्ही हातांनी दाबला तर तो दबता कामा नये आणि पाने एकमेकांवर घासली की चुरचुर असा आवाज आला पाहिजे. देठाचा काप पांढरा हवा. तो काळपट किंवा वाळून चिरलेला असेल तर गड्डा जुना. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिसाच्या वर गेल्यावर, मंडईतला कोबी दुपारपर्यंत कोमेजतो, म्हणून उन्हाळ्यात मी सकाळी आठच्या आत जाते. कच्चा खायचा असल्यामुळे धुण्यात कुचराई नको: वरची दोन-तीन पाने काढून टाकावी, गड्ड्याचे चार भाग करावे आणि प्रत्येक भाग वाहत्या पाण्याखाली पाने थोडी उलगडून धुवावा. चिरल्यानंतर मात्र घासून धुऊ नये, कारण त्यातले क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते. बर्फाच्या पाण्यातही म्हणूनच दहा मिनिटांहून अधिक ठेवू नये.

आता चिरणे. केळवणाच्या दिवशी मी किसणी वापरली होती आणि ती दुसरी चूक होती. किसणी कोबी कापत नाही, फाडते. फाटलेल्या पेशींतून पाणी तर निघतेच, शिवाय कोबीतला उग्र वासही मोकळा होतो. हा वास गंधकयुक्त घटकांचा असतो. अखंड पानात हे घटक आणि त्यांच्यावर काम करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, वेगवेगळे राहतात. पेशी फुटल्या की ते एकत्र येतात आणि मोहरीसारखा झणका तयार होतो. मोहरीसारखा हे मी उगीच म्हणत नाही. कोबी, मुळा आणि मोहरी एकाच कुळातल्या वनस्पती आहेत आणि मोहरी वाटल्यावर नाकाला झोंबते तो प्रकार याच जातीचा. कोबीच्या कोशिंबिरीवर मोहरीची फोडणी इतकी शोभते, त्याचे कारण मला तरी या नात्यात दिसते.

माझ्या सासूबाई अजून विळीवर बसून कोबी चिरतात. त्यांचे चिरणे मी एकदा पाटावर समोर बसून नीट पाहिले. गड्ड्याचा चौथा भाग त्या देठाकडून धरतात, मधला जाड दांडा आधीच तिरका कापून काढलेला असतो. कापलेली सपाट बाजू विळीच्या पात्याला लावून, डाव्या हाताच्या अंगठ्याने मागून अगदी थोडे ढकलत, उजव्या हाताने त्या गड्डा पुढे सरकवतात. पात्यावरून पडणारा कोबी दोऱ्यासारखा, एकसारखा, परातीत हलकेच पसरतो. मध्ये त्या बोलतात, दाराकडे पाहतात, नातवाला हाक मारतात, पण हाताची चाल बदलत नाही. पाते अगदी धारदार असल्यामुळे परातीच्या तळाला ओल दिसत नाही. मला विळी तितकी जमत नाही, म्हणून मी मोठी, चांगली पाजलेली सुरी वापरते आणि कोबी आडवा, पानांच्या शिरांना छेदून चिरते. शिरा आखूड झाल्या की चावताना धागे लागत नाहीत. जाडी साधारण दोन मिलिमीटर असावी. त्याहून बारीक केला तर मीठ लागताच त्याचा लगदा होतो.

अर्धा किलो चिरलेल्या कोबीला मी एक सपाट चहाचा चमचा मीठ लावते. परातीत पसरून, बोटांच्या टोकांनी वर-खाली करत, जणू रांगोळी भुरभुरावी तसे मीठ सगळीकडे पोचवते, चोळत नाही. वीस मिनिटांनी कोबी चमकू लागतो आणि परात तिरकी केली की खाली पाण्याचा ओघळ येतो. मग मूठ मूठ कोबी घेऊन, लिंबू पिळावे इतक्याच जोराने पिळते. अर्धी-पाऊण वाटी पाणी निघते. ते फेकू नये. त्याचे काय करायचे ते शेवटी सांगते. पिळलेला कोबी चाखून पाहावा: किंचित खारट लागला तर ठीक, जास्त खारट लागला तर गार पाण्यातून एकदा काढून पुन्हा पिळावा. यानंतर कोशिंबिरीत वेगळे मीठ घालावे लागत नाही, आणि घालायचेच झाले तर अगदी शेवटी.

फळांमध्ये डाळिंबाला मी पहिला मान देते आणि तो केवळ गावाच्या अभिमानापोटी नाही. सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः सांगोल्याच्या माळरानावर, कमी पावसात आणि कोरड्या हवेत डाळिंब उत्तम येते. ‘सोलापूर डाळिंब’ या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही २००५ पासून सोलापूरचेच आहे, ते केगावला आहे. मला मात्र डाळिंबाचे महत्त्व कोशिंबिरीच्या बाजूने कळते. कोबीत मिसळणारी बाकीची बहुतेक फळे चिरावी लागतात, म्हणजे त्यांचे पाणी सुटते. डाळिंबाचा दाणा मात्र स्वतःच्या सालीत अखंड असतो आणि दाताखाली फुटेपर्यंत रस आत धरून ठेवतो. पाणी सुटण्याची एवढी भीती असलेल्या पदार्थात याहून सोयीचे फळ नाही. भगवा जातीचा दाणा गडद लाल आणि गोड, गणेश जातीचा फिकट गुलाबी आणि बी मऊ. लहान मुले आणि वयस्कर माणसे जेवायला असतील तेव्हा मी गणेश मिळतो का ते पाहते.

दाणे काढताना डाळिंब मधोमध चिरू नये, कारण सुरीखाली दाणे कापले जातात. वरचा मुकुट गोल कापून काढला की आतले पांढरे पडदे दिसतात. फळाच्या बाहेरून जिथे जिथे उंचवटे असतात तिथून सालीला उभी चीर द्यावी, खोल नव्हे, आणि दोन्ही अंगठ्यांनी फळ उकलावे. ते कमळासारखे उघडते. मग एका भांड्यात पाणी घेऊन त्यात बोटांनी दाणे मोकळे करावे: दाणे तळाला बसतात, पांढरे पडदे वर तरंगतात आणि ओंजळीने काढून टाकता येतात. ते पडदे तुरट-कडू असतात आणि एखादा चुकून राहिला तरी घासभर चव बिघडते. शेवटी दाणे चाळणीत निथळून पंचावर पसरावे. हे निथळणे मी कधीच टाळत नाही. इतक्या कष्टाने कोबीचे पाणी काढायचे आणि दाण्यांबरोबर वाटीभर पाणी आत घालायचे, याला अर्थ नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षे येतात. सोलापूरजवळचे नान्नज माळढोक पक्ष्यासाठी जितके ओळखले जाते, तितकेच द्राक्षांसाठीही. सोनाका हा लांबट दाण्याचा वाण त्याच गावचा. लांबट द्राक्ष उभे दोन भाग करून घातले तर छान दिसते, पण कोशिंबीर तासभर राहणार असेल तर अखंडच घालावे. पेरू अर्धकच्चा, कडक आणि बिया काढून. पिकलेला पेरू विरघळतो. सफरचंद चिरल्या क्षणी लिंबाच्या रसात घोळवावे. कापलेल्या पृष्ठभागावरचे विकर हवेच्या संपर्काने काम सुरू करते आणि फोडी तपकिरी होतात. लिंबाचा आंबटपणा त्याला आवरतो. एप्रिलमध्ये सफरचंद महाग आणि भुसभुशीत होते, तेव्हा मी ते सोडून देते आणि अर्धी कैरी बारीक तासून घालते. खरे सांगायचे तर कैरी, कोबी आणि डाळिंब ही तिन्ही एकत्र आली की मला दुसरे कोणतेच फळ आठवत नाही. मग लिंबूही अर्धेच लागते. केळे, चिकू आणि पिकलेली पपई मी या कोशिंबिरीत घालत नाही. त्यांचा मऊपणा कोबीशी जुळत नाही.

अननसाचे काय झाले, ते मला बऱ्याच दिवसांनी वाचनातून उलगडले. ताज्या अननसात प्रथिने तोडणारे विकर असते. ते दह्यातल्या प्रथिनांचे तुकडे करते आणि त्यातले काही तुकडे चवीला कडू असतात. दही नासलेले नसते, अननसाने ते पचवायला घेतलेले असते. किवी फळाचेही असेच आहे. उष्णतेने हे विकर निकामी होते, म्हणून अननसाच्या फोडी थोड्या साखरेत चार-पाच मिनिटे शिजवून गार केल्या तर दह्यात बिनधास्त घालता येतात. डब्यातल्या अननसाने दही कडू होत नाही, त्याचे कारण हेच. आमच्याकडे लग्नाच्या जेवणात अननसाचे रायते असते, ते करणारे आचारी अननस आधी का शिजवून घेतात, हे मला त्या दिवसापर्यंत कधी विचारावेसे वाटले नव्हते.

दही मी आता या कोशिंबिरीतून काढूनच टाकले आहे. त्याने काकडी खुलते, कोबी-फळे मात्र झाकली जातात, आणि सोलापूरच्या उन्हात ते दुपारपर्यंत आंबटही होते. परदेशी पद्धतीच्या कोबीच्या कोशिंबिरीला कोलस्लॉ म्हणतात. तो शब्द डच भाषेतला, कोबी आणि सॅलड या दोन शब्दांचा जोड आहे. तिथे सहसा अंडे आणि तेल घोटून केलेले मेयोनीज घालतात. थंड प्रदेशात ते चालत असेल. आमच्याकडे मे महिन्यात पंगत लांबली तर अंड्याचा पदार्थ उघड्यावर ठेवणे मला धोक्याचे वाटते. गंमत म्हणजे आपल्या वाटीतली नावेही दूरवरून आलेली आहेत: कोबी, पपई, अननस हे शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आले, आणि तरी आज त्यांच्याइतके घरचे काही वाटत नाही.

दह्याचे काम, म्हणजे सगळे एकत्र धरून ठेवण्याचे काम, मी दाण्याचा कूट आणि डाळे यांच्याकडून करून घेते. दाणे खमंग भाजून, साले काढून, जाडसर कुटावे. पंढरपुरी डाळे आपल्या जिल्ह्यातलेच. दोन चमचे डाळे मिक्सरमध्ये फिरवून त्याचे पीठ केले आणि कोबीवर भुरभुरवले, की राहिलेसाहिलेले पाणी ते शोषून घेते आणि त्याचीच एक पातळ, खमंग साय कोबीच्या प्रत्येक कापाला लागते. ही युक्ती अक्कांची. त्यांच्या घरी याला कोशिंबीर न म्हणता कोसंबरी म्हणतात आणि त्यात दोन तास भिजवून निथळलेली मुगाची डाळ असते. पूर्व भागातल्या माझ्या तेलुगू मैत्रिणीकडे पचडी म्हटले की चटणीसारखा वेगळाच पदार्थ समोर येतो, तर आमच्या सासूबाईंची पचडी म्हणजे कच्च्या मेथीची, कांद्याची, कूट घातलेली. एकाच शहरात या शब्दांचे इतके अर्थ आहेत, की जेवायला बोलावताना नेमके काय केले आहे ते आम्ही सांगूनच ठेवतो. मी मात्र अक्कांकडून मुगाची डाळही उचलली आहे. मूठभर डाळीने कोशिंबिरीला वजन येते आणि ती तोंडीलावण्यापुरती न राहता पोटभरीची होते.

प्रमाण सहा माणसांचे असे: पिळलेला कोबी अर्धा किलो, एका मध्यम डाळिंबाचे दाणे, एक सफरचंद किंवा अर्धी कैरी, वाटीभर द्राक्षे, भिजवलेली मूगडाळ पाव वाटी, दाण्याचा कूट चार चमचे, डाळ्याचे पीठ दोन चमचे, एका लिंबाचा रस, एक चमचा साखर, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, बोटभर आले किसून आणि मूठभर कोथिंबीर. फोडणी दोन चमचे शेंगदाण्याच्या तेलाची, मोहरी, हिंग आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. मोहरी पूर्ण तडतडू द्यावी आणि फोडणी गार झाल्यावरच कोबीवर घालावी. गरम फोडणीने कोबी शिजल्यासारखा होतो.

घालण्याचा क्रम मी ठरवून टाकला आहे. पिळलेला कोबी, मूगडाळ आणि गार फोडणी आधी एकत्र करून पातेले झाकून फ्रिजमध्ये ठेवते. असे ते तीन-चार तासही बिघडत नाही. चिरलेली फळे लिंबात घोळवून वेगळ्या डब्यात, डाळिंबाचे दाणे वेगळे. पाने मांडायला घेतली की फळे आणि जिरेपूड मिसळते. कूट, डाळ्याचे पीठ आणि साखर अगदी वाढण्याच्या क्षणी, आणि दाणे सर्वांत शेवटी वरून, म्हणजे त्यांचा लाल रंग पांढऱ्या कोबीत पसरत नाही. जांभळा कोबी आता मंडईत मिळतो. तो घातला तर लिंबाचा रस लागताच त्याचा रंग जांभळ्याचा गुलाबी होतो आणि मुले ते पाहायला ओट्याशी येतात. पण तो सगळ्याला रंगवतो, म्हणून पाव भागाहून जास्त घेऊ नये.

ही कोशिंबीर आमच्या जेवणाला इतकी का लागते, ते सोलापूरचे ताट पाहिले की समजते. कडक भाकरी, शेंगांची आमटी, तेलाची तर्री आलेली वांग्याची भाजी, आणि डाव्या बाजूला शेंगांची चटणी, जिच्यातले लसूण आणि लाल तिखट उखळात कुटता कुटता दाण्याच्या तेलाने ओले होते: यातला प्रत्येक पदार्थ तिखट, कोरडा किंवा जड आहे आणि बाहेर ऊन भाजते आहे. अशा ताटात चमचाभर गार, आंबटगोड, कुरकुरीत काही आले की पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. माझे सासरे जेवताना चटणीशी भाकरीचा एक तुकडा आणि लगेच कोशिंबिरीचा एक चमचा असे आळीपाळीने खातात. त्यांनी एकदा कूट संपला म्हणून कोशिंबिरीवर शेंगांची चटणीच भुरभुरून घेतली. मलाही ती चव आवडली, पण मग फळे मागे पडतात आणि तो वेगळाच पदार्थ होतो. कैरी घातलेल्या दिवशी तेवढी मी ती मुभा देते.

गेल्या महिन्यात पुतणीचे केळवण झाले आणि सासूबाईंनी स्वतःहून कोशिंबीर माझ्याकडे दिली. आदल्या रात्री मूगडाळ भिजवली, निथळून फ्रिजमध्ये ठेवली, सकाळी दहाला कोबी चिरून पिळला, फळे साडेबाराला चिरली. दुसऱ्या पंगतीला अक्का होत्या. त्यांनी वाटी तिरकी करून तळ पाहिला, पाणी नव्हते, आणि काही न बोलता वाटी पुढे केली. मी पुन्हा वाढली.

राहिली गोष्ट कोबीच्या पिळलेल्या पाण्याची. ते आधीच खारट असते, म्हणून मी ते धपाट्यांच्या पिठात घालते: ज्वारीचे पीठ, मूठभर बेसन, थोडी कणीक, तिखट, ओवा, तीळ आणि लसूण, आणि वेगळे मीठ न घालता याच पाण्याने पीठ भिजवायचे. कोशिंबीर उरली असेल तर फळे बाजूला काढून तीही त्यातच मळायची. ओल्या फडक्यावर थापून, मध्ये भोक पाडून तव्यावर टाकले की कोबीचे काठ आधी तांबूस होतात आणि घरभर तो मोहरीसारखा वास सुटतो, या वेळी गोडसर आणि भाजलेला. दुसऱ्या दिवशीची न्याहारी आमच्याकडे त्याचीच होते.